अंगणाची वहिवाट

पलूस तालुक्यात, कृष्णा आणि येरळा यांच्या आसपासच्या या ऊस-द्राक्षांच्या मुलखात, नव्या बंगल्याचे काम पुरे होत आले की मालकाची पहिली मागणी येते ती फाटकापासून पायरीपर्यंतच्या अखंड हिरवळीची. आणि बागा करून देणे हाच माझा व्यवसाय असल्याने, ती मागणी सौजन्याने परतवणे हे माझे पहिले काम ठरते. अशा वेळी सौंदर्याची चर्चा न करता मी हिशेब मांडतो. ऐन उन्हाळ्यात दररोज अवघे 5 मिलीमीटर पाणी द्यायचे म्हटले, तरी 100 चौरस मीटर हिरवळीस 500 लिटर लागते. आणि अति पाण्याने काळी राने क्षारपड झालेली ज्यांनी बांधावर उभे राहून पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याचे प्रयोजन उरत नाही.

1910 साली औंध संस्थानाच्या हद्दीतील ज्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि वसाहत उभारली, ती किर्लोस्करवाडी याच तालुक्यात आहे. तेथे घरांआधी निवडुंग हटवावा लागला. माझ्या कामात ते स्थान हरळीचे आहे. वरून कापल्याने तिचा अंमल संपत नाही. पाणी तोडून, वैशाखाच्या उन्हात जमीन वीतभर खणून, एकेक काशी वेचून ढेकळे तापू द्यावी, मृगाच्या पावसावर ताग पेरावा, तो फुलोऱ्यावर येताच मातीत गाडावा, आणि तो कुजल्यावरच, काळ्या मातीत पाणी तुंबते म्हणून, उंच गादीवाफे बांधावे, हा माझा क्रम आहे. घाईच्या मालकास तो मान्य होत नाही, आणि मला तो मोडता येत नाही.

पुढची मांडणी मी घरातल्या माणसांच्या पायवाटा पाहून करतो. भांड्यांच्या मोरीचे पाणी जाते तेथे कर्दळ आणि केळ. स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता व गवती चहा, कारण उकळते आधण सोडून दूरवर कोणी जात नाही. शेवग्याची फांदी ठिसूळ, म्हणून तो भिंतीपासून अंतरावर. कुंपणावर गोकर्ण आणि पावटा. आणि संध्याकाळी जेथे बसणे-उठणे होते तेथे मोगरा. शोभेची निराळी तजवीज करावी लागत नाही. नित्य वापराच्या जागा हिरव्या झाल्या की ती आपोआप येते.

हिरवळ राखण्यास पैसा, पाणी आणि पगारी माणूस पुरतो, घरचे तिच्याकडे फिरकले नाहीत तरी तिचे काही अडत नाही. बागेचे मात्र अडते. म्हणून नकाशा काढण्यापूर्वी मी विचारतो, की सकाळी शेंगा तोडायला, आळी करायला, कीड पाहायला या घरातून कोण बाहेर येणार? उत्तर बहुधा आजीकडून येते, क्वचित शाळकरी नातवाकडून. जेथे ते कोणाकडूनच येत नाही, तेथे हिरवळ निम्मी करून एक कडुनिंब लावावा, एवढाच सल्ला देऊन मी परततो.