हॅम्बर्गमधले रविवार

हॉस्टेलला परत आल्यापासून मेसमध्ये, लॉबीत, अगदी आंघोळीच्या लायनीतसुद्धा एकच प्रश्न. "काय गं, वीकेंडला काय काय केलंस? पॅरिस? आम्स्टरडॅम?" मंडळी, खरं सांगते, एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर गेलेल्या मुलीकडे पॅरिसचे पैसे नसतात. माझे शनिवार कपडे धुण्यात गेले आणि रविवार बोटीवर. आणि बोटीवर मी काही पहिल्यांदा चढत नव्हते. मी मनोरीची.

(कॉन्व्हेंटात शिकले, घरी आमची बोली, हॉस्टेलवर हिंदी. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं.)

ज्यांना मनोरी माहीत नाही त्यांच्यासाठी. मालाड स्टेशनवरून २७२ नंबरची बस पकडायची, मार्व्याला उतरायचं आणि फेरीबोटीने खाडी ओलांडायची. झालं, आलं आमचं गाव. रस्त्याने यायचं तर भाईंदर-उत्तनचा भलामोठा वळसा. आम्ही मुंबई महापालिकेच्या हद्दीतच राहतो, पण आमची आजी मालाडला भाजी आणायला निघाली तरी "मुंबईला चालले" म्हणते.

आमची युनिव्हर्सिटी हॅम्बर्ग शहराच्या दक्षिणेला, हारबुर्ग नावाच्या भागात. शनिवारचा कार्यक्रम ठरलेला. सकाळी सगळ्या मजल्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या आणि सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकायच्या. प्लास्टिकच्या एका बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. पार्टी झालेल्या आठवड्यात चांगली कमाई! आणि संध्याकाळच्या आत तांदूळ, दूध, अंडी भरून ठेवायची, कारण जर्मनीत रविवारी दुकानं कडेकोट बंद. पहिल्या रविवारी मी आणि माझी नागपूरची रूममेट अख्खा दिवस मेथीच्या खाकऱ्यावर काढला.

रविवारी मात्र मी पहाटे उठायचे (इथे आठच्या लेक्चरला न उठणारी मी!). एस-तीन ट्रेन पकडून एल्बे नदीवरच्या धक्क्यावर जायचे. त्या धक्क्याजवळ फिशमार्क्ट भरतो, १७०३ सालापासून. उन्हाळ्यात पहाटे पाचला सुरू आणि साडेनऊला बंद. जुन्या लिलावाच्या हॉलमध्ये सकाळी सकाळी बँड वाजतो आणि रात्रभर जागलेली पोरं नाचत असतात. बाहेर गाड्यांवर चढून पुरुष बेंबीच्या देठापासून ओरडत केळी, फुलझाडं, धुरावलेले ईल मासे विकतात. एकाने एक पिशवी भरायला घेतली, त्यात मासा टाकला, अजून एक टाकला, अजून एक, आणि शेवटी सगळं मिळून दहा युरो! लोक टाळ्या वाजवतात. मी पपांना व्हिडिओ पाठवला. आजीने बघितला आणि एकच शेरा मारला, "पुरुष विकायला बसलेत म्हणून एवढं ओरडावं लागतं." तिचं खरं आहे. आमच्या बायका पाटीमागे नुसत्या बसतात, गिऱ्हाईक स्वतः येऊन वाकतं.

मग ६२ नंबरची फेरीबोट. स्टुडंट पासावर फुकट. टुरिस्ट लोक शंभर फोटो काढतात, मी मात्र इंजिनाचा आवाज ऐकत मागे उभी राहायचे. बाजूने चारशे मीटर लांबीचं कंटेनर जहाज गेलं की आपली बोट झुरळाएवढी वाटते. शेवटचा थांबा फिंकनवेर्डर. हेही एके काळी मच्छीमारांचंच गाव, आता तिथे एअरबसचा कारखाना आहे.

पण मला सांगायचंय ते आल्टेनवेर्डरबद्दल. पोर्ट ऑटोमेशनच्या क्लासमध्ये सरांनी एक फिल्म दाखवली होती. २००२ साली सुरू झालेलं कंटेनर टर्मिनल. ड्रायव्हर नसलेल्या गाड्या जमिनीत पुरलेल्या ट्रान्सपाँडरवरून रस्ता ओळखतात, कंटेनर उचलतात, वळतात, एकमेकींना वाट देतात. माणूस दिसत नाही. मी जाम खूश! मी घरी सांगून टाकलं होतं की मला असल्याच बंदरात नोकरी करायचीय. नकाशात बघितलं तर टर्मिनलला लागूनच एक चर्च. बंदरात चर्च कशाला? पुढच्या रविवारी सेकंडहँड सायकल काढली आणि मूरबुर्ग गावावरून तिथे पोचले.

झाडांच्या राईत एक चर्च आणि त्याला लागून कबरस्तान. बस. बाकी काही नाही. घर नाही, विहीर नाही, कुंपण नाही. झाडांच्या वरून टर्मिनलच्या क्रेन दिसत होत्या आणि हायवेचा घोंघाट थांबतच नव्हता. आल्टेनवेर्डर हे मच्छीमारांचं आणि शेतकऱ्यांचं गाव होतं. १९७३ साली बंदर वाढवण्यासाठी ते उठवायचं ठरलं. घरं एक एक करून विकत घेतली आणि पाडली. शेवटचा माणूस, तोही मच्छीमार, १९९८ पर्यंत तिथे टिकून होता. राहिलं फक्त चर्च. तिथे अजूनही प्रार्थना होते.

एक आजीबाई झारीने कबरीला पाणी घालत होत्या. माझं जर्मन म्हणजे आनंदच. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुणाकडे आलात?" मी म्हटलं, "कुणाकडे नाही, आमचंही मासेमारीचं गाव आहे, म्हणून बघायला आले." त्यांनी झारी खाली ठेवली आणि हात करून दाखवलं. ते तिथे शाळा, इथे बेकरी, त्या बाजूला आमचं घर. जिथे हात केला तिथे कंटेनरची भिंत होती. मग त्यांनी विचारलं, "तुमचं गाव आहे ना अजून?"

आहे, म्हटलं.

संध्याकाळी फोन केला. पपांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बोटी कुठे लावल्या त्यांनी?" याचं उत्तर मला फिल्ममध्येही मिळालं नव्हतं आणि चर्चमध्येही. पपांना शेवा कोळीवाडा आठवला. न्हावा-शेवा बंदरासाठी तो १९८० च्या दशकात उठवला आणि लोकांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात नेलं, तिथे घरांना वाळवी लागली. आता वाढवणला २०२४ मध्ये बंदराची पायाभरणी झाली, तिथले मच्छीमारही कित्येक वर्षं विरोध करतायत. आमच्या गोराई-मनोरी-उत्तनच्या पट्ट्यात २००० च्या दशकात पर्यटनाच्या एसईझेडची योजना आली होती, त्याला गावांनी जोरात विरोध केला. मी तेव्हा पाळण्यात किंवा पाळण्याच्याही आधी.

आता मी ते टर्मिनल वाईट आहे असं म्हणणार नाही. त्या गाड्या बघताना मला आजही तितकीच मजा येते, आणि आपण सगळे वापरतो ती अर्धी इलेक्ट्रॉनिक्स अशाच बंदरातून येते. तिथे नोकरी मिळाली तर मी जाईनही. पण क्लासमधल्या फिल्ममध्ये गावासाठी एकही स्लाइड नव्हती, हे मला खटकलं ते खटकलंच. सरांना विचारलं. ते हसले नाहीत, टाळलंही नाही. म्हणाले, "पुढच्या वर्षी टाकतो."

परत आल्यावर दर शनिवारी घरी जाते. महापालिकेने मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प योजलाय, रोज २० कोटी लिटरचा. मुंबईला पाणी हवंय हे कुणीही नाकारणार नाही. आमच्याही नळाला हवंय. पण अशा प्रकल्पातून जे उरतं ते जवळजवळ दुप्पट खारट पाणी असतं आणि ते समुद्रातच परत सोडतात. बोंबलाला ते चालेल का, असं आजी विचारते, वलांडीवर बोंबील टांगता टांगता. गावातल्या मीटिंगमध्ये या विषयावर आवाज भरपूर चढतात, पण आज खाडीच्या तोंडाशी पाणी किती खारट आहे याचा आकडा मात्र कुणी वहीत लिहिलेला मला सापडला नाही. म्हणून मी आणि मेकॅनिकलच्या दोघांनी तो मोजायला घेतलाय. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम हा समुद्राचा पुस्तकी आकडा, पण भरती-ओहोटीला आणि पावसाळ्यात तो किती हलतो ते बघायचंय. पपांच्या बोटीवरून, पाच ठिकाणी, दर शनिवारी. डिझेलचे पैसे पपा घेत नाहीत, पण जाळं ओढायला लावतात.

आमचा घरगुती सेन्सर दर दोन आठवड्यांनी गंजतो. कुणाच्या डिपार्टमेंटमध्ये चांगला कंडक्टिव्हिटी मीटर पडून असेल तर कृपया लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसमध्ये माझ्या नावाने निरोप ठेवावा. मीटर देणाऱ्याला परतताना ताजी मासळी. साफ करून मिळणार नाही.