रंग न लावायचा ठोकळा

मी सातवीत असतानाची गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत गोव्याला मामाकडे गेले होते. मांडवी नदीतून खनिज वाहून नेणाऱ्या लोखंडी बार्जी दुरुस्त करायच्या कारखान्यात मामा कामाला होता. अशीच एक भलीमोठी बार्ज काठावर ओढून घेतली होती. पाण्याखाली बुडणारी तिची बाजू मी पहिल्यांदाच पाहिली. कालवं चिकटलेली, गंजाचे पोपडे सुटलेले!

"मामा, मला रंग लावू दे ना!" मी हट्ट धरला.

"आधी घासायला शीक. गंजावर रंग फासला, तर तो पोपड्यांसकट गळून पडतो."

पत्रा खरवडून लख्ख करायलाच माणसांना चार दिवस लागले. मग तांबडा प्रायमर, वर रंगाचे हात. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. रंग त्या दोघांनाही बाहेर अडवतो.

शेवटी मामाने माझ्या हाती ब्रश दिला. सुकाणूजवळ काही राखाडी ठोकळे होते. ते रंगवायचे राहिलेत असं वाटून मी तेही छान रंगवले. मामाने कपाळावर हात मारला. "अगं, हे जस्त! याला रंग लावायचा नसतो!"

मला रडूच फुटलं. मग मामाने जवळ बसवून समजावलं. रंग कितीही चांगला असो, धक्क्याला घासून कुठेतरी ओरखडा पडतोच. तिथे लोखंड कुरतडलं जाऊ नये म्हणून जस्त जोडतात. खाऱ्या पाण्यात जस्त आधी विरघळतं, त्याचे इलेक्ट्रॉन लोखंडाला मिळतात आणि लोखंड वाचतं. पण जस्तच रंगाने झाकलं, तर ते विरघळणार कसं?

खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवणारे हंफ्री डेव्ही ठाऊक आहेत ना? ही युक्ती त्यांनी १८२४ साली इंग्रजांच्या युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्यांवर करून पाहिली. तांबं वाचलं, पण ते विरघळेनासं झाल्यावर त्याला शिंपले चिकटू लागले!

दुसऱ्या दिवशी ते ठोकळे मीच पॉलिश पेपरने घासून उघडे केले. मामाने मला बार्जीचा जुना, काढून टाकलेला ठोकळा दिला. झिजून झिजून मूठभर उरलेला.

चंदनासारखं झिजावं, असं आपण म्हणतो. तो ओबडधोबड ठोकळा आजही माझ्या टेबलावर आहे. त्याला मी कधीच रंग लावला नाही.