घाईचे आयुष्य

नगरला सावेडीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत एक सेलेरॉन ३००ए होता. इंटेलने १९९८ साली तो ३०० मेगाहर्ट्झचा म्हणून बाजारात आणला. मदरबोर्डावरच्या बसचा वेग ६६ वरून १०० केला, की पुष्कळदा तो ४५० वर निमूट धावे. आम्हीही त्याला धावायला लावले. प्रबंध त्याच यंत्रात होता. मित्र म्हणत, 'अल्पायुषी करताय बिचाऱ्याला.'

साहित्याच्या विद्यार्थ्याला हे लगेच पटते. इथून जवळच नेवाशाला शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी सांगणारे ज्ञानदेव, परंपरेप्रमाणे, एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाले. तेजस्वी ते लवकर सरते, ही आपली जुनी समजूत. पण चिपला रूपके ठाऊक नसतात. तिच्या सूक्ष्म तारांतून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणू हळूहळू ढकलत नेतात. तार एखाद्या जागी झिजत जाते आणि शेवटी तुटते. ही झीज नुसत्या वेगापेक्षा उष्णतेने आणि वाढीव व्होल्टेजने बळावते. २०२४ साली तर इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही चिपा, वापरणाऱ्याने वेग न वाढवताही, जादा व्होल्टेजने खचल्याचे उघड झाले. कंपनीला हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली.

आम्ही व्होल्टेजला हात लावला नव्हता. तरी मे महिन्याच्या दुपारी पंखा लावून चिपचीच काळजी वाहिली. भारनियमनाच्या दिवसांत आधी गेला पॉवर सप्लाय, मग हार्ड डिस्क. प्रबंधाचे तिसरे प्रकरण फ्लॉपीवर उतरवायचे राहिले होते. सेलेरॉन मात्र शेवटपर्यंत ४५० वरच होता.