दहा मिनिटांचा डाव

नांदेडला भाग्यनगरात माझा सायबर कॅफे होता, तेव्हा सगळ्यात भारी मशीनवर मी हौसेनं डोटा टाकला होता. पोरं यायची, पाच मिनिटं बघायची आणि शेजारी काउंटर स्ट्राइकला बसायची. डोटात शंभराच्या आसपास हिरो, प्रत्येकाच्या करामती वेगळ्या. चुकीची वस्तू विकत घेतली की आपलेच साथीदार शिव्या घालणार. एक डाव पाऊण तासाचा. तासाचे पैसे भरून शिव्या कोण खाणार?

काउंटर स्ट्राइक काही सोपा नव्हता. एके-४७ चा नेम दोन गोळ्यांनंतर आभाळाकडं जायचा. पण त्यात मेलेला गडी राउंड संपेपर्यंत मोकळा. तो खुर्ची मागं सरकवून जिवंत गड्याच्या स्क्रीनमध्ये डोकं घालायचा. डस्ट-टूच्या नकाशात दाराआड कुठं थांबायचं, बॉम्ब कुठं लावायचा, हे माझ्याकडं कुणी कुणाला शिकवत बसलं नाही. मरता मरता शिकली सगळी. नुसत्या बघ्यांना मी हाकलायचो खरा, पण महिन्याभरात तेच गिऱ्हाईक व्हायचे.

२०१६ ला जिओ आलं आणि कॅफेला उतरती कळा लागली. मी लातूरला ट्यूशन एरियात मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक म्हणजे नीटची पोरं. "काका, फोन लई तापायलाय," म्हणत येणार. उघडून बघावं तर बायोलॉजीच्या नोट्स आणि फ्री फायर. पबजीत शंभर खेळाडू, डाव अर्ध्या तासाचा, फोनही बरा लागायचा. फ्री फायर एक जीबी रॅमच्या डब्यावरही पळायचा. खेळाडू पन्नास, डाव दहा मिनिटांचा. दोन बॅचच्या मधे चहा आणि एक डाव, दोन्ही बसायचं. ग्राफिक्सवरून नाक मुरडणारे मुरडोत, रूमवरचं गणित हे असं होतं.

एकाच्या स्क्रीनची उजवी बाजू फुटून टच गेला होता. पठ्ठ्यानं सेटिंगमध्ये जाऊन गोळीचं बटण डावीकडं सरकवलेलं. डाव्या अंगठ्यानं पळायचं, त्याच हाताच्या तर्जनीनं गोळी मारायची. "डिस्प्ले बदलू का?" विचारलं तर म्हणाला, "परीक्षेनंतर बघू."

माझा भाचा पबजीच्या पहिल्याच डावात जिंकला आणि "मामा, चिकन डिनर!" म्हणून नाचला. मी नीट बघितलं. त्याचे बरेचसे शत्रू माळावर उभे राहून भलतीकडंच गोळ्या झाडत होते. नवख्याच्या डावात कंपनी असले संगणकी गडी भरते. तो हरत सुटला नंतर, पण तोवर चटक लागलेली. कंपनीचं डोकं मानलं मी. डोटावाल्यांना एवढं सुचलं असतं तर माझं ते भारी मशीन धूळ खात पडलं नसतं.

सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर. फ्री फायर मॅक्स राहिला, पण त्याला फोन जरा बरा लागायचा. तो ज्यांच्याकडं नव्हता ती पोरं लुडो किंगवर आली. नवी मुंबईच्या कंपनीचा गेम, शिकायचं काहीच नाही. मेसवाल्या मावशीही पोरांत बसून सोंगट्या मारायच्या.

पालक मात्र दर जूनला एकच मागणी घेऊन येतात: गेम चालणार नाही असा फोन द्या. मी बटणांचा साधा फोन काढून देतो. परवा एका पोरानं तो बापाच्या हातातून घेतला, मेनू चाळला आणि हळूच विचारलं, "काका, ह्यात सापवाला हाय का?"