‘यूज्ड टू’ आणि आमची लाल शाई

सहामाही परीक्षेचे इंग्रजीचे पेपर तपासायला आम्ही दोघी शिक्षिका बसलो होतो. निबंधाचा विषय होता ‘माझे घर’. आठवीतल्या एका मुलाने लिहिले होते, ‘वी यूज्ड टू स्पीक मराठी ॲट होम.’ आम्ही लाल पेन उचलले. घरात आजी-आजोबा आहेत, तीन पिढ्या इंदुरात राहूनही घर मराठीच. तेव्हा मुलाचा काळ चुकला, असेच आम्हाला वाटले.

तसे वाटायला कारणही होते. भूतकाळातली जी सवय आता राहिली नाही, तिच्यासाठी ‘यूज्ड टू’ येते. मुले मात्र आजच्या सवयीलाही ‘आय यूज टू गेट अप ॲट सिक्स’ असे सर्रास लिहितात.

वर्गात हा भाग शिकवताना आम्ही अहिल्याबाईंना मदतीला बोलावतो. ‘अहिल्याबाई यूज्ड टू लिव्ह इन महेश्वर’ हे बरोबर. राहणे ही स्थिती असल्याने तिथे ‘वुड लिव्ह’ चालत नाही. त्या दरबारात लोकांची गाऱ्हाणी ऐकत असत, ही पुन:पुन्हा घडणारी क्रिया. तिथे ‘यूज्ड टू हिअर’ चालते आणि काळाचा संदर्भ आधी आलेला असेल तर ‘वुड हिअर’सुद्धा. पण 1767 ते 1795 त्यांनी राज्य केले, हे सांगताना दोन्ही नकोत. किती काळ किंवा किती वेळा हे सांगितले, की साधा भूतकाळ: ‘रूल्ड’.

खरे तर हे आपल्याला परके नाही. मराठीत यासाठी रीतिभूतकाळच आहे. ‘आजोबा पहाटे उठत, नदीवर जात.’ बोलताना आपण ‘उठायचे, जायचे’ म्हणतो. ही रूपे ज्यांच्या कानावर आहेत, त्या मुलांना ‘यूज्ड टू’ चटकन उमगते. बाकीच्यांना नियम घोकावा लागतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावले आणि चूक दाखवली. तो म्हणाला, “मॅडम, बरोबरच लिहिलंय. आधी आम्ही घरी मराठी बोलायचो. आता सगळे हिंदीच बोलतात. आजीपण माझ्याशी हिंदीच बोलते, मला लवकर कळावं म्हणून.”

आम्ही काही बोललो नाही. वाक्याला पूर्ण गुण दिले. व्याकरण त्याला आमच्याहून चांगले कळले होते.

आणि पालकांना दोष तरी कसा द्यावा? त्या संध्याकाळी शाळेतून घरी जाताना आम्ही दोघी याच प्रसंगावर बोलत होतो. कोपऱ्यावर निरोप घेताना लक्षात आले, की वाटभर आमचे बोलणे हिंदीतच चालले होते! हिंदीशी आमचे भांडण नाही. तिने आपल्याला या गावात आपलेसे केले. पण आजीने नातवासाठी आपली भाषा मिटून ठेवावी, हे मनाला लागले.

विद्यार्थी मित्रहो, एक नियम शेवटी सांगतो. ‘यूज्ड टू’ला वर्तमानकाळ नाही. आज चालू असलेली सवय साध्या वर्तमानकाळात सांगतात: ‘वी स्पीक मराठी ॲट होम.’ वाक्य सोपे आहे, पाठ करण्याचीही गरज नाही. वार्षिक परीक्षेला अजून अवकाश आहे. तोवर रोज जेवताना आजीशी चार वाक्ये मराठीत बोला, म्हणजे हे वाक्य तुम्हाला खरेपणाने लिहिता येईल. आम्हीही घरी जाताना तेवढे करणार आहोत.