माझी कंबर आणि पश्चिमोत्तानासन

तीन वर्षांपूर्वी माझीच कंबर धरली. ‘योगाने मोकळी होईल’ म्हणून मी रोज पश्चिमोत्तानासन करत राहिलो. कळ पोटरीपर्यंत उतरली. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली. पुढे वाकताना गादीवरचा दाब वाढतो, हे रुग्णांना सांगणारा मीच विसरलो होतो.

तुम्ही एवढं लक्षात ठेवा. आसन करताना कळ पायात उतरली, तर तिथेच थांबा. हाडं ठिसूळ असतील, तर पुढे वाकायची आसनं टाळा. पायातली ताकद गेली, लघवी-शौचाच्या जागेभोवती बधिर वाटलं किंवा लघवी अडली, तर लगेच रुग्णालय गाठा.

योग मी सोडलेला नाही. सध्या मकरासन आणि कळ न येईल इतपतच भुजंगासन करतो.