द्रुत लय आणि मोकळा हात

येहुदी मेन्युहिन १९५२ साली भारतात आले तेव्हा पस्तिशीतच होते. पण व्हायोलिनवादक म्हणून त्यांचं नाव कधीच जगभर झालं होतं. सोळाव्या वर्षी त्यांनी एल्गरचा व्हायोलिन कॉन्चेर्तो खुद्द एल्गर यांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित केला होता. मात्र लहानपणी जे हातातून आपसूक येत होतं, ते मोठेपणी येईना. महायुद्धात सैनिकांसाठी केलेल्या शेकडो कार्यक्रमांनी शरीर थकलं, आखडलं. मुंबईत त्यांची गाठ पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी पडली. पुढे १९५४ मध्ये मेन्युहिन यांनी त्यांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतलं आणि एक घड्याळ भेट दिलं. त्यावर कोरलेल्या मजकुरात अय्यंगार यांना त्यांनी आपला सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक म्हटलं होतं.

योगाचार्याला दिलेली ही पदवी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांना अतिशयोक्तीची वाटणार नाही, कारण द्रुत लयीत खरा अडथळा आखडलेल्या शरीराचाच असतो.

मेट्रोनोम १२० वर लावून एका मात्रेत चार सूर घेतले, तर सेकंदाला आठ सूर होतात. बोटं मिटणारे आणि उघडणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात. एका गटाने ओढलं की दुसऱ्याने सैल व्हायचं, असा त्यांचा करार. तान अडखळली की विद्यार्थी दात-ओठ खाऊन जोर लावतो. मग दोन्ही गट एकाच वेळी ताठ होतात आणि बोट तारेवरून सुटायला उशीर होतो. ताकद वाढते, लय मात्र घसरते.

पहिला संशय अंगठ्यावर घ्यावा. तो व्हायोलिनची मान आवळून धरतो आणि चारही बोटांना जखडतो. उभ्याने वाजवणारा वाद्य हनुवटीखाली धरतो, त्यामुळे जबडा आणि खांदाही या आवळण्यात सामील होतात. हिंदुस्थानी पद्धतीत वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवतो, ते डावा हात मोकळा राहावा म्हणूनच. बोटाचा दाब किती हवा, हेही तपासता येतं. बोट तारेवर नुसतं टेकवून गज फिरवावा आणि दाब हळूहळू वाढवावा. स्वर जिथे स्वच्छ होतो, तिथेच थांबावं. बहुतेकांचा रोजचा दाब याहून जास्त निघतो.

विलंबित रियाज उपयोगी पडतो, पण बोटं तेव्हाही द्रुतासारखीच हलकी आणि तारेजवळ हवीत. त्यानंतर चारच सूर पूर्ण वेगात वाजवून थांबावं, अंगठा, जबडा, खांदा सैल करावा आणि पुढचे चार घ्यावेत. इव्हान गॅलामियनसारखे शिक्षक तोच तुकडा वेगवेगळ्या लयबंधांत, कधी लांब-आखूड, कधी आखूड-लांब असा घोटून घेत. त्यात प्रत्येक सुराला आळीपाळीने विसावा मिळतो.

दुखेपर्यंत वाजवलं तरच रियाज झाला, हा समज मात्र सोडायला हवा. मनगटात कळ आली, बोटांना मुंग्या आल्या, तर वाद्य खाली ठेवावं. दुसऱ्या दिवशीही त्रास राहिला, तर डॉक्टरांना दाखवावं.